दोनदा ‘नॉर्मल’ आलेला एमआरआय तिसऱ्यांदा कशासाठी?

प्रश्न पांढरकवड्याजवळच्या एका गावातल्या वडिलांचा आहे. मुलगा ८ वर्षांचा. पहिला झटका आला तेव्हा १४ महिन्यांचा होता. आता रोज रात्री झोपेत पाच-सहा वेळा उजवा हात ताठ होतो, तोंड उजवीकडे ओढलं जातं, अर्ध्या मिनिटात सगळं शांत. सकाळी पोरगं शाळेत पेंगतं. तीन औषधं देऊन झाली. एमआरआय दोनदा झाला, एकदा १४ महिन्यांचा असताना आणि एकदा पाचव्या वर्षी, आणि दोन्ही वेळा रिपोर्ट ‘नॉर्मल’. आता नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढलाय आणि त्याआधी पुन्हा एमआरआय, व्हिडिओ ईईजी (कॅमेऱ्यासमोर मेंदूतल्या विजेची नोंद) आणि जमल्यास पेट स्कॅन करायला सांगितलंय. वडील विचारतात, ‘‘फोटोत काहीच नाही तर कापणार काय? आणि दोनदा पैसे गेले ते कशाचे?’’

भाऊ, मी नागपुरात एमआरआय वाचते, त्याला २० वर्षं होऊन गेली. ऑपरेशन मी करत नाही, औषधंही देत नाही. पण मुलांच्या मिरगीच्या ऑपरेशनआधी जी बैठक होते तिथे माझी खुर्ची असते, आणि ‘हे दिसतंय का, कुठे दिसतंय’ याचं उत्तर माझ्याकडे मागतात. तुमचं पोरगं मी बघितलेलं नाही, सीडीही बघितलेली नाही. म्हणून त्याला काय आहे ते मी सांगणार नाही. तिसरा एमआरआय का सांगितला असेल, तेवढं सांगते.

‘फोटोत काही नाही’ आणि ‘डोक्यात काही नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. नॉर्मल रिपोर्टचा खरा अर्थ इतकाच की, त्या दिवशी ज्या पद्धतीने फोटो काढले, त्यात वाचणाऱ्याला काही आढळलं नाही. आमच्या हातात चिठ्ठी येते तिच्यावर बहुतेक वेळा एवढंच असतं: ‘झटके. एमआरआय मेंदू.’ झटका कसा येतो, कोणत्या बाजूने सुरू होतो, दिवसा की झोपेत, काही नाही. त्या दिवशी अजून तीस-चाळीस जणांचे फोटो वाचायचे असतात, कुणाचा मणका, कुणाचा गुडघा. गाठ नाही, रक्तस्राव नाही, पाणी साचलेलं नाही, पुढचा.

पण एमआरआयच्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि तो तुमच्या डॉक्टरांनी विचारला असेलच. औषधं खरंच हरली का? जगभर धरलेली व्याख्या अशी की, झटक्याच्या जातीला लागू पडणारी दोन औषधं, पुरेशा मात्रेत, नियमित देऊनही झटके थांबले नाहीत तर त्याला औषधांना दाद न देणारी मिरगी म्हणायचं. यातला ‘पुरेशा मात्रेत’ हा शब्द मोठा आहे. पोरगं १२ किलोचं असताना ठरलेला डोस २२ किलोला तोच चालू राहिलेला मी कितीदा तरी ऐकला आहे. सोयाबीन काढायच्या दिवसांत तालुक्याला जाणं झालं नाही, गोळ्या आठ दिवस बंद होत्या, तेव्हाचे झटके औषधाच्या नावावर मांडू नका. हे सगळं तपासूनही झटके चालूच असतील तर तिसरं, चौथं, पाचवं औषध जमून जाण्याची आशा फार थोडी उरते. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी आत्ताच ऑपरेशनचा विषय काढला असावा. मला विचाराल तर हा विषय लवकर निघाला हे बरंच झालं. आमच्याकडे अशी मुलं बहुतेक वेळा फार उशिरा येतात.

आता तुमच्या दोन एमआरआयकडे येते.

पहिला १४ महिन्यांचा असतानाचा. जन्मतः मेंदूतल्या तारांवर आवरण पूर्ण चढलेलं नसतं, ते दोन-अडीच वर्षांपर्यंत चढत जातं. विहीर खणताना वर काळी माती आणि खाली मुरूम लागतो, मधली रेघ स्पष्ट दिसते. मोठ्या मुलाच्या एमआरआयवर मेंदूची वरची करडी साल आणि खालचा पांढरा भाग यांच्यात तशीच रेघ असते. आम्ही मिरगीचा डाग शोधतो म्हणजे बहुतेक वेळा ही रेघ कुठे पुसट झालीय, साल कुठे जाड झालीय, ते शोधतो. पण सहा महिने ते दोन वर्षं या वयात माती आणि मुरूम जवळजवळ एकाच रंगाचे दिसतात. मग पुसट रेघ सापडणार कुठून? त्या वयात ‘नॉर्मल’ आलेला एमआरआय अडीच-तीन वर्षांनंतर पुन्हा करायचा असतो. तेव्हा पहिले पैसे फुकट गेले असं मी म्हणणार नाही. गाठ नाही, मोठी इजा नाही, एवढं त्यातून कळलं. पण बारीक डागाबद्दल तो फोटो काही सांगूच शकत नव्हता.

दुसरा पाचव्या वर्षीचा. तो बहुधा साधा मेंदूचा एमआरआय असेल. साध्या तपासणीत मेंदूचे काप साधारण ५ मिलिमीटर जाडीचे घेतात आणि दोन कापांमध्ये थोडी जागा सुटते. पंधरा-वीस मिनिटांत मूल बाहेर. पण ज्याला साल चुकीची जमणं म्हणतात, म्हणजे आईच्या पोटात असतानाच मेंदूच्या सालीचा एखादा तुकडा नीट रचला गेला नाही, तो डाग कधीकधी तुरीच्या दाण्याएवढा असतो आणि मेंदूच्या घडीच्या तळाशी दडलेला असतो. पाच मिलिमीटरच्या कापांत तो दोन कापांच्या मधे सहज हरवतो.

हे मी दुसऱ्यांची चूक म्हणून सांगत नाही. २०११ च्या सुमारास गोंदियाकडच्या एका ९ वर्षांच्या मुलीचा एमआरआय मीच ‘नॉर्मल’ लिहून सोडला होता. दीड-दोन वर्षांनी तिचे डॉक्टर तीच सीडी घेऊन आले. म्हणाले, ‘‘व्हिडिओ ईईजी झालाय. डाव्या बाजूला, पुढे, वरच्या अंगाला बघा.’’ खोलीतला दिवा बंद केला, तेवढाच भाग मोठा केला आणि एकेक काप पुढे-मागे केला. एका कापात, एकाच, घडीच्या तळाशी रेघ पुसट होती आणि तिथून एक फिकट धूसर पट्टी आतल्या पोकळीकडे निमुळती होत गेली होती. पुस्तकात दाखवतात तशी. फोटो तोच होता आणि डोळेही माझेच होते. फरक एवढाच की, आता कुठे बघायचं ते कुणीतरी सांगितलं होतं. पुढे नव्या एमआरआयवर तो डाग स्वच्छ दिसला. तेव्हापासून चिठ्ठीवर नुसतं ‘झटके’ लिहिलेलं असलं तर मी मुलाच्या आईला आत बोलावून विचारते, ‘‘कसा येतो? करून दाखवा.’’ आया हुबेहूब करून दाखवतात.

जर्मनीत बॉन शहरात मिरगीच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २००२ मध्ये छापून आला. ज्यांच्या मेंदूत डाग होता त्यांच्यापैकी साध्या एमआरआयवर सामान्य रेडिओलॉजिस्टला ३९ टक्के जणांचा डाग सापडला. तेच साधे फोटो मिरगीतल्या तज्ज्ञाने वाचले तेव्हा ५० टक्के. मिरगीसाठी खास काढलेला एमआरआय तज्ज्ञाने वाचला तेव्हा ९१ टक्के. तुमच्या ‘तिसऱ्यांदा कशाला’ या प्रश्नाला याहून थोडक्यात उत्तर मला देता येणार नाही.

मिरगीसाठी खास म्हणजे काय, ते कळलं तर तुम्हाला सेंटरवर विचारता येईल. संपूर्ण मेंदूचे १ मिलिमीटरचे, मधे जागा न सोडता घेतलेले काप. फ्लेअर नावाचा प्रकार, तोही तसाच बारीक. आणि कानामागच्या बाजूला खोल आत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, त्याच्या लांबीला आडवे, बारकाईने घेतलेले काप. यासाठी एक जागतिक नमुना २०१९ साली ठरवून दिला आहे, तुमच्या डॉक्टरांना आणि सेंटरला तो माहीत असतो. याला अर्धा-पाऊण तास लागतो. टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद. मशीन ३ टेस्लाचं असेल तर उत्तम, पण टेस्लाच्या आकड्यावर अडू नका. ३ टेस्लावर घाईत काढलेल्या साध्या फोटोंपेक्षा दीड टेस्लावर नीट, ठरलेल्या पद्धतीने काढलेले फोटो मी केव्हाही पसंत करीन. शिरेतून रंगाचं इंजेक्शन बहुतेकांना लागत नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे तिसऱ्यांदा झाला म्हणून मेंदूला अपाय होईल ही भीती काढून टाका.

आता व्हिडिओ ईईजी कशाला? तुमच्याकडे ठिबक असेल तर लगेच लक्षात येईल. पाणी जिथे वर आलेलं दिसतं तिथेच नळी फुटलेली असते असं नाही. ती दोन ओळी पलीकडेही फुटलेली असू शकते. झटक्यात हात ताठ होतो म्हणजे हाताच्या भागापर्यंत वीज पोचली, एवढंच. ती सुटली कुठून, हे त्यावरून नक्की होत नाही. मेंदूची डावी बाजू अंगाची उजवी बाजू चालवते, म्हणून उजवा हात आणि उजवीकडे ओढलेलं तोंड यावरून डाव्या बाजूचा संशय येतो, झोपेत झुंडीने येणारे छोटे झटके असतील तर पुढच्या भागाचाही येतो. पण संशयावर कुणी कवटी उघडत नाही. म्हणून मुलाला दोन-चार दिवस दवाखान्यात ठेवून, डोक्यावर तारा लावून, कॅमेऱ्यासमोर खरे झटके पकडायचे. रोज रात्री झटके येतात हे तुमचं दुःख आहे, पण या तपासणीसाठी सोयीचं आहे. काही मुलांच्या उशाशी लोक आठ दिवस बसतात आणि नेमका तेव्हाच झटका येत नाही.

मग पेट. ग्लुकोजला थोडं किरणोत्सारी द्रव्य जोडून शिरेतून देतात आणि मेंदूचा कोणता भाग साखर किती खातो ते बघतात. मिरगी जिथून सुटते तो भाग दोन झटक्यांच्या मधल्या काळात सुस्त असतो, साखर कमी खातो, म्हणून फोटोत फिका दिसतो. एमआरआयवर काहीच नसेल तेव्हा हा फिका भाग मला ‘इथे पुन्हा बघ’ म्हणून बोट दाखवतो. इंजेक्शननंतर मुलाला शांत पडून राहावं लागतं आणि त्या अर्ध्या तासात झटका आला तर चित्र उलटंसुलटं होतं, म्हणून शक्यतो सोबत ईईजी लावतात. स्पेक्ट नावाची आणखी एक तपासणी आहे. तिच्यात नर्स भरलेली सिरिंज घेऊन मुलाशेजारीच बसलेली असते आणि झटका सुरू होताच काही सेकंदांत इंजेक्शन देते. फोटो नंतर निवांत काढता येतो, रक्त कुठे धावलं होतं त्याची खूण तिथेच राहते. ही सगळ्यांना लागत नाही. एमआरआयवर डाग स्वच्छ दिसला आणि व्हिडिओ ईईजी त्याच जागेवर बोट ठेवत असेल तर पेटही लागेलच असं नाही. म्हणूनच डॉक्टरांनी ‘जमल्यास’ म्हटलं असावं. आधी एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी होऊ द्या, पेटचे पैसे तोवर राखून ठेवा.

डाग सापडला तरी काम अर्धंच झालेलं असतं. डाव्या पुढच्या भागात, समजा तिथेच निघाला, तर शेजारी उजव्या हाताची जागा आणि बोलण्याची जागा असते. काढायचं किती आणि थांबायचं कुठे, हे ठरवायला फंक्शनल एमआरआय करतात. मशीनमध्ये मुलाला बोटं हलवायला सांगतात, मनातल्या मनात शब्द आठवायला सांगतात, आणि मेंदूचा कोणता भाग कामाला लागला ते टिपतात. इथे आपल्या भागातली एक गोष्ट सांगायलाच हवी. तुमच्या तालुक्यात कितीतरी घरांत कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोलतात आणि मराठी शाळेत आल्यावर भेटते. एकदा अशाच एका मुलाला ‘क अक्षरावरून शब्द आठव’ असं सांगितलं होतं. स्क्रीनवर काहीच उजळेना. मग त्याच्या आजोबांना माइकवर बसवलं, त्यांनी घरच्या बोलीत ‘आपल्याकडची जनावरं सांग’ म्हटलं, आणि बोलण्याची जागा दिव्यासारखी लागली. तुमच्या घरी जी बोली असेल ती डॉक्टरांना आधीच सांगा, लाजू नका. आणि एक बघून ठेवा: पोरगं दगड कोणत्या हाताने भिरकावतं? डाव्या बाजूला लहानपणापासून बिघाड असेल तर काही मुलं डावखुरी होतात आणि बोलण्याचं कामही उजव्या बाजूने उचललेलं असतं. सर्जनच्या दृष्टीने ही फार मोठी माहिती आहे. लहान वयातल्या मेंदूत अशी जागा बदलण्याची ताकद जास्त असते, लवकर या म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

याच्या उलटही घडतं, तेही ऐकून ठेवा. आपल्याकडे कितीतरी मुलांच्या मेंदूत जंताच्या अंड्यामुळे झालेला, पुढे चुना धरलेला एखादा ठिपका दिसतो. ठिपका दिसला म्हणजे चोर सापडला असं नाही. झटके दुसरीकडूनच येत असू शकतात. काही बाळांना जन्मानंतर पहिल्या दिवसांत साखर कमी पडलेली असते, त्यांना मागच्या भागात दोन्ही बाजूंना व्रण असतात. दोन्ही बाजूंचा बिघाड असेल तर ऑपरेशन बहुधा होत नाही. काही मिरगी जनुकांतून येतात, तिथे कापायला एक जागाच नसते. आणि काही मुलांत एक अख्खी बाजूच जन्माच्या वेळेपासून खराब असते, हात-पाय आधीच लुळे असतात. अशांची ती बाजू दुसऱ्या बाजूपासून तोडतात, आणि ऐकायला भयंकर वाटलं तरी त्यांना बऱ्याचदा सर्वांत चांगला फायदा होतो. तिथे माझं काम असतं चांगली बाजू खरंच चांगली आहे ना, हे बघणं.

फायदा किती? दिल्लीच्या एम्समध्ये १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. सगळी औषधांना दाद न देणारी. ५७ जणांचं ऑपरेशन केलं, ५९ जणांना औषधंच चालू ठेवली. वर्षभरानंतर ऑपरेशनवाल्यांपैकी ७७ टक्के झटक्यांपासून पूर्ण मोकळे होते, औषधवाल्यांपैकी ७ टक्के. पण त्याच चाचणीत ऑपरेशनवाल्यांपैकी ३३ टक्क्यांना गंभीर त्रासही नोंदला गेला, त्यातला बराचसा आधीच अपेक्षित असलेला, उदाहरणार्थ एका बाजूची कमजोरी. आणि ही मुलं सगळ्या तपासण्यांतून निवडलेली होती. एमआरआयवर शेवटपर्यंत काहीच सापडलं नाही तर यशाची शक्यता स्पष्टपणे कमी होते. तेव्हा डोक्याच्या आत तारा घालून काही दिवस नोंद घ्यायची वेळ येऊ शकते, किंवा ‘आत्ता नको’ असं ठरू शकतं. हा निकाल लागला तर चिडू नका. नको तिथे हात न घालणं हाही त्या बैठकीचाच निर्णय असतो.

कुठे जायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रामध्ये हे काम १९९५ पासून चालतं, दिल्लीचं एम्स आणि बंगळूरचं निम्हान्स आहेच, मुंबईतही होतं. त्रिवेंद्रमची केरळ एक्स्प्रेस नागपूरवरूनच जाते. कुठेही जा, एमआरआयच्या फिल्म नुसत्या नेऊ नका. खिळ्याला टांगलेल्या पिशवीतल्या फिल्म उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात आणि माझ्या काही कामाच्या राहत नाहीत. तिन्ही एमआरआयची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राला तपासणीच्या आधी भेटा, नंतर नाही. शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची चिठ्ठी मिळाली तर तीही घ्या.

रात्रीच्या झटक्यांचा व्हिडिओ काढून ठेवा. दिवा लावा, गोधडी बाजूला करा, चेहरा आणि दोन्ही हात एकत्र दिसू द्या, आणि हात धरून दाबू नका. अर्धा मिनिट नुसतं बघत राहणं आईबापाला किती जड जातं ते मला माहीत आहे. पण तो अर्धा मिनिट मला रिपोर्टांच्या सबंध फाइलपेक्षा जास्त सांगतो.

एमआरआयच्या दिवशी मूल हललं तर सगळंच वाया जातं, म्हणून झोपेचं औषध किंवा भूल देतात. उपाशी किती वेळ ठेवायचं ते सेंटर सांगेल. मिरगीची सकाळची गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय चुकवू नका, बहुधा घोटभर पाण्यासोबत द्यायला सांगतात. सर्दी-ताप असेल तर फोन करून तारीख बदला. गळ्यातला ताईत, कमरेचा करदोडा, धातूचं जे असेल ते काढावं लागतं. एका आईने मला सरळ सांगितलं होतं, ‘‘मॅडम, हे नाई काढत मी. बाबाजीनं बांधलं हाय.’’ मी म्हटलं, काढून तुमच्या मुठीत धरा आणि दाराबाहेर बसा. पाऊण तास ती मूठ तशीच घट्ट होती.

आणि आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवायला सांगितलं असेल तर ते खरंच करा. आमच्याकडे नेहमी हेच होतं: रात्रभर जागवलेलं पोरगं हिंगणघाटच्या पुढे एसटीत गाढ झोपतं आणि मशीनवर ठेवलं की टक्क जागं. बुटीबोरीपर्यंत त्याला खिडकीपाशी बसवा, बोलतं ठेवा, झोपू देऊ नका.